गिरिजाक्कांच्या माडीवरचा जपानी बार

तंजावरात एक जपानी बार होता असं सांगितलं की ऐकणारा आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग माझ्या हातातल्या ग्लासाकडे. ग्लासात बहुधा ताक असतं. मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि एक सांगितलं की त्याच्या मागून दुसरं आपोआप येतं. त्या खोलीत सहा स्टुलं होती. सहाही माणसं अजून भेटतात आणि एकच गोष्ट सहा तऱ्हांनी सांगतात. हे माझ्या स्टुलावरून दिसलेलं.

परदेशी मशीन मागवणं एकदम सोपं झालं, ते दिवस. तंजावरजवळच्या पापनाशमच्या ज्या राइस मिलमध्ये मी टायपिस्ट होतो, तिच्या मालकांनी जपानहून तांदूळ पॉलिश करायचं मशीन आणलं. ते बसवायला इंजिनियरही तिकडूनच आला. पन्नाशीचा, सडपातळ, आमच्या उन्हातसुद्धा गळ्याचं बटण लावणारा. वर्षभर राहणार होता. पापनाशमात बरी खोली मिळेना, म्हणून मी त्याला तंजावरच्या राजवाड्यामागच्या आमच्या मराठी गल्लीत आणलं. गिरिजाक्कांची माडी रिकामी होती. अक्का म्हणजे शाळेतून रिटायर झालेल्या बाई. एकट्या राहायच्या, आणि गल्लीत कोणी शिंकायचं तरी त्यांना विचारून.

"हे मोरी-सान," मी ओळख करून दिली.

अक्कांनी मला बाजूला घेतलं. "गोपाळा, चांगल्या माणसाला मोरी कसं रे म्हणू? मोरीत आम्ही भांडी घासतो."

"नावच आहे ते, अक्का. त्यांच्या भाषेत मोरी म्हणजे वन."

"असेल. माझ्या घरी ते मोरे."

संध्याकाळपर्यंत ते गल्लीभर मोरे झाले. गणिताचे निवृत्त मास्तर पंचनदराव मुद्दाम भेटायला आले. हात जोडून त्यांनी चक्क मराठीत विचारलं, "मोरे म्हणजे साताऱ्याकडचे?"

मोरी-सान कमरेतून वाकले आणि जपानीत 'हो' म्हणाले. म्हणजे, "हाय."

पंचनदरावांनी घरी जाऊन सांगितलं, "साताऱ्याचेच आहेत. बोलणं अजून गावाकडचंच ठेवलंय."

*

दोनेक महिन्यांनी मोरी-सान मला म्हणाले, "शनिवारी संध्याकाळी काय करायचं, मला कळत नाही." त्यांच्या आईचा उत्तर जपानात एका लहानशा गावात साकेचा बार होता. साके म्हणजे तांदूळ आंबवून केलेली त्यांची दारू. बार केवढा, तर सहा माणसांपुरता. मोरी-सान त्याच काउंटरखाली रांगले होते.

मग त्यांनी मशीनच्या खोक्याच्या फळ्यांचा काउंटर केला, सुताराकडून सहा स्टुलं करून घेतली, आणि कंपनीचं कोणी जपानहून आलं की त्याच्या बॅगेतून बाटल्या मागवल्या. वेळ शनिवारी सहा ते आठ. आठला अक्का खालचं दार लावत.

राहिला होता दारावरचा पडदा. तिकडे अशा बारच्या दारावर मधोमध कापलेला आखूड पडदा असतो. हाताने बाजूला सारायचा, वाकायचं आणि आत शिरायचं. मोरी-सानांनी निळं कापड घेतलं, स्वतः कात्रीने मधोमध कापलं आणि कडा दुमडायला आमच्या सेल्वम टेलरकडे दिलं.

सेल्वमने चार दिवसांनी आणून दिलं. मधली चीर इतकी सफाईने शिवली होती की शोधूनही सापडेना.

"फाटलं होतं, सार," तो म्हणाला. "आता काळजी नाही."

मोरी-सानांनी वाकून आभार मानले आणि तो पडदा तसाच लावला. वर्षभर आम्ही त्याच्याखालून ओणवे होऊन आत गेलो. सेल्वमसुद्धा. त्याला तिसरं स्टूल मिळालं.

*

पहिल्याच शनिवारी अक्का वर आल्या. आम्ही सगळे कप हातात धरून बसलेलो.

"काय हे?"

मोरी-सानांना खोटं बोलता येत नसे. "राइस," ते म्हणाले. थोडा विचार करून म्हणाले, "वॉटर."

"तांदूळ आणि पाणी." अक्का माझ्याकडे वळल्या. "म्हणजे पेज. होय ना, गोपाळा?"

इतका अवघड प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. "जरा आंबलेली आहे, अक्का."

अक्कांनी आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या होत्या. काय कळायचं ते त्यांना दारातच कळलं असणार. जिना उतरता उतरता त्या म्हणाल्या, "मग दोन वाट्यांवर पिऊ नका. पोट बिघडतं."

त्या दिवसापासून आमच्या गल्लीत साकेला पेज म्हणतात.

*

तोंडी लावायला पंचनदरावांनी घरून तळलेल्या सांडगी मिरच्या आणल्या. मोरी-सानांनी अख्खी मिरची तोंडात टाकली. चावली. मग ते अगदी शांत उभे राहिले. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, हनुवटीवरून गळ्याच्या बटणापर्यंत आलं.

पंचनदराव हळवे झाले. "आईची आठवण झाली का हो?"

मोरी-सानांनी मान डोलावली. मग गळ्याचं बटण पुसत ते म्हणाले, "आईनं शिकवलंय. गिऱ्हाइकासमोर ओरडायचं नाही."

*

इकडे मिलमध्ये मशीन मात्र चालेना. म्हणजे चाले, पण तांदूळ मोडे. पोतंभर घातला तर अर्धी कणीच बाहेर पडे. महिना झाला. मालक म्हणाले, आणखी आठ दिवस बघतो, नाहीतर मशीन परत. मोरी-सान जेवेनासे झाले.

मिलचे जुने फोरमन नागराजन हे सगळं लांबून बघत होते. मशीन आलं की आपली गरज संपणार, हे त्यांनी मनात धरलं होतं. मोरी-सानांशी ते एक शब्दही बोलले नव्हते. त्या शनिवारी मी त्यांना जवळजवळ ओढतच माडीवर आणलं. ते स्टुलावर बसले, कपाला हात लावला नाही.

मोरी-सानांनी खिशातून मिलमधलं मूठभर भात, म्हणजे टरफलासकटचे दाणे, काढून बशीत ठेवलं. नागराजननी सवयीने एक दाणा उचलला, सोलून दाताखाली धरला आणि हळूच दाबून पाहिला.

"उळ्ळे ईरम," ते तमिळमध्ये म्हणाले.

"आत ओल आहे म्हणतात," मी सांगितलं.

"ओल मोजायचा मीटर सांगतो, कोरडं आहे," मोरी-सान म्हणाले.

"मीटरला दात आहेत का, विचार," नागराजन म्हणाले. "आणखी दोन दिवस वाळवायला सांग. उन्हात नको, सावलीत."

दोन दिवस सावलीत वाळवलं. तिसऱ्या दिवशी मशीनमधून अख्खा, मोत्यासारखा तांदूळ पडायला लागला. मोरी-सान सगळ्या मजुरांसमोर नागराजनपुढे वाकले आणि वाकलेलेच राहिले. शेवटी तेही वाकले.

नंतर मोरी-सानांनी मशीनच्या मॅन्युअलमध्ये एक पान वाढवलं. ते टाइप मीच केलं. पहिली ओळ अशी होती: 'स्विच चालू करण्यापूर्वी नागराजन यांना दाणा द्यावा.'

*

वर्ष संपून मोरी-सान परत जायच्या आधी त्यांची आई जपानहून आली. पंचाहत्तरीची, पाठीतून वाकलेली, एवढीशी बाई. शनिवारी ती माडीवर आली तेव्हा मोरी-सान परीक्षेला बसल्यासारखे उभे होते. तिने काउंटरवरून बोट फिरवलं, एक कप बोटभर सरकवला आणि सरळ काउंटरमागे जाऊन फडकं हातात घेतलं.

दारात अक्का उभ्या होत्या. पहिल्या शनिवारनंतर त्या आज प्रथमच वर आल्या होत्या.

"मोरे," त्या म्हणाल्या, "पाहुणीला कामाला लावता?"

त्या आत आल्या, म्हातारीच्या हातातलं फडकं काढून घेतलं, तिला हाताला धरून पुढे आणलं आणि माझ्या शेजारच्या स्टुलावर बसवलं. म्हातारी ताठ बसली. हात कुठे ठेवावे तिला कळेना.

मोरी-सान हळूच मला म्हणाले, "चाळीस वर्षं बार चालवला तिनं. या बाजूला कधी बसली नाही."

तिकडची रीत अशी, की आपला कप आपण भरायचा नाही, दुसऱ्याने भरायचा. मोरी-सान सुरई उचलणार, तेवढ्यात अक्कांनी ती घेतली. जन्मात ज्या बाईने दारूच्या बाटलीला बोट लावलं नव्हतं, तिने पदराने सुरई पुसली आणि कप काठोकाठ भरला. एक थेंब सांडला नाही.

म्हातारीने कप दोन्ही हातांनी उचलला, सावकाश रिकामा केला आणि अक्कांकडे बघून जपानीत बराच वेळ काहीतरी बोलली. अक्का मधूनमधून "होय की, होय की" म्हणत होत्या. मग अक्का मराठीत काहीतरी पुटपुटल्या, आणि दोघी हसत सुटल्या. इतक्या, की अक्कांना काउंटर धरावा लागला. मोरी-सान कानापर्यंत लाल झाले होते.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"याचं भाषांतर मला जमत नाही," ते म्हणाले आणि पुसलेलाच कप पुसत राहिले.

जिन्यात मी अक्कांना गाठलं. "अक्का, तुम्हाला जपानी कळलं?"

"कळलं की."

"मग काय म्हणाल्या त्या?"

अक्का पायरीवर थांबल्या. "ते तिनं मला सांगितलं, गोपाळा. तुला सांगायचं असतं, तर तुलाच नसतं का सांगितलं?"