आलियाच्या भुलीचं माप

आलिया नासेर शेख वारंगा फाट्यावर ब्लाऊज शिवते. वय सत्तावीस. तिच्या पापण्या अर्ध्यावर उतरलेल्या असतात, दहावीपासूनच. गावानं तिचं नाव झोपाळी ठेवलं. ठेवणाऱ्या बायका दुपारी टीव्हीसमोर घोरतात.

दोन ब्लाऊज झाले की तिचे हात गळतात. ती मशीन थांबवते, गूळ-शेंगदाणे खाते, पुन्हा बसते. यालाही लोक आळस म्हणतात.

खरं कारण कुणी विचारलं नाही. नवव्या वर्षी तिचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. भूल उतरली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. नातेवाइकांनी जिन्न ठरवला. एकानं ताईतही आणला. तिचे वडील, नासेरचाचा, मात्र पोरीला घेऊन मुंबईला गेले. तिथं मांडीच्या स्नायूचा तुकडा तपासला. अन्न आणि प्राणवायू यांच्यापासून ताकद तयार करणारी पेशीतली यंत्रणा तिच्यात अर्धवट चालते. भुलीचं औषध याच यंत्रणेला आणखी दाबतं. दुसऱ्याला पुरेल एवढं औषध तिला फार होतं. त्यात ती उपाशी असेल तर जास्तच. हे सगळं लिहिलेला कागद तिनं लॅमिनेट करून ठेवला आहे.

आमची मैत्री बारा वर्षांची. मी मराठीत एम.ए. केलं, कवितेतल्या वेदनेवर वीस पानं लिहिली. तो कागद मी पहिल्यांदा वाचला परवा, दवाखान्यात.

तिच्या पित्ताशयात खडे झाले होते. आखाडा बाळापूरच्या एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. तिथं सर्जन रोज असतात. भूल देणारे डॉक्टर नांदेडहून येतात, तिकडची कामं उरकून. केव्हा येतील ते कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून सगळ्या पेशंटना रात्रीपासून उपाशी ठेवतात. साहेब दहाला येवोत की चारला, दवाखाना तयार. याला तिथं शिस्त म्हणतात.

सकाळी सातला आलियानं मीना सिस्टरला साखरेचं सलाइन मागितलं.

"सायबानं लिहिलं न्हाई."

"या कागदात लिहिलंय, ताई."

"तो तुमचा कागद. आमचा कागद म्हणजे ही फाईल."

नऊ वाजले. आलियाचे हात गार पडले. तिनं पिशवीतून बाटली काढली, साखरपाण्याची. सगळ्यांसमोर प्यायला लागली.

वॉर्डातल्या मावशी, बेबीबाई, धावत आल्या. "अगं, ऑपरेशन हाय ना तुझं? काहून पिऊन राहिली?"

"पाणीच हाय, मावशी. दोन तास आधीपर्यंत चालतं."

"सायेब ओरडतील!"

"ओरडू द्या. आधी येऊ तर द्या."

शेजारच्या खाटेवरून जमनाबाई म्हणाल्या, "मला बी दे गं घोटभर. कालपासून जीभ टाळूला चिकटलीया." वॉर्ड हसला. बेबीबाई हसल्या नाहीत.

साहेब पावणेदोनला आले. बोटात गाडीची किल्ली फिरत होती.

"पाणी कोण प्यायलं?"

"मी. साखरेचं. अकरा वाजता शेवटचा घोट."

"भूल कोण देणार? तू की मी?"

"तुमी. म्हणून तर तुमाला वाचायला देऊन राहिले."

त्यांनी कागद घेतला नाही. "वजन बावन्न ना? बावन्नचा डोस ठरलेला असतो. शिवणकाम करतेस, तेच कर."

"तेच सांगते, साहेब. छत्तीस छातीच्या दोन बायकांना एकच ब्लाऊज बसत न्हाई."

ती खाटेवरून पाय खाली सोडून चपला शोधू लागली. "वाचा. न्हाई तर मी चालले घरी."

तिची आई, फातिमाबी, रडायला लागली. "अम्मी, रोओ नक्को," आलिया म्हणाली. नजर साहेबांवरच.

साहेबांनी उभ्या उभ्या वाचलं. मग परत पहिल्या ओळीपासून वाचलं. कुणाला तरी फोन लावला, इंग्रजीत, हळू आवाजात. माफी मागितली नाही. त्या माणसांना ती सवय नसते. "सिस्टर, साखरेचं सलाइन लावा," ते म्हणाले, जणू त्यांनाच आत्ता सुचलं.

सलाइन तासभर चाललं. आत नेताना आलियानं माझा हात धरला. "सृष्टी, मी जागी झाले का ते डोळ्यांवरून ठरवू नको. पापण्या उघडणार न्हाईत लवकर. अंगठा दोनदा दाबीन." सिस्टरलाही तिनं हेच सांगितलं. सिस्टर फाईल चाळत होती.

सव्वा तासानं साहेब स्वतः बाहेर आले. किल्ली खिशात होती.

"थोडं थोडं देत गेलो," ते म्हणाले. "नेहमीच्या एक तृतीयांशातच झोपली. मी जर सगळं एकदम..."

पुढचं मला कळलं. मी बाकावर बसले.

तिला वॉर्डात आणलं. मीना सिस्टरनं गालावर चापट्या मारल्या. "आलिया, डोळे उघड! उघड ना! सायेब, ही उठून न्हाई राहिली!"

बेबीबाई म्हणाल्या, "झोपाळीच हाय ती."

फातिमाबीच्या ओठांचा रंग गेला. माझ्या हातात आलियाचा हात होता. अंगठा हलला. एकदा. मी थांबले. एकदा तर झोपेतही हलतो. फातिमाबी माझ्याकडे बघत होती.

मग दुसऱ्यांदा. चांगला जोरात.

"जागी आहे," मी म्हणाले.

"डोळे तर मिटलेले हायत," सिस्टर म्हणाली.

"अंगठा बघा."

कुणी बघितलं नाही. सगळे पापण्यांकडेच बघत राहिले. तेवढ्यात मिटल्या पापण्यांखालून कोरडा आवाज आला.

"बेबीमावशी, झोपाळी कोण म्हणालं ते ऐकलं मी."