राणीच्या सालाखालचं टिंब

लग्न होऊन बालाघाटला आले, तेव्हा सासूबाईंनी देव्हाऱ्यातले राणीछाप चांदीचे रुपये माझ्यापुढे ओतले आणि लक्ष्मीपूजनाआधी घासायला सांगितले. मी अशी गुणी सून, की राख अन् लिंबू घेऊन राणीचं नाक सपाट होईस्तोवर घासले. सासूबाई खूश, शेजारणी खूश. मी तर एका रुपयात तोंड पाहून कुंकूही लावून घेतलं. आज ती पोरगी समोर आली, तर तिच्या हातातली राख तिच्याच तोंडाला फासेन. रुपये घासायचे नसतात, वाचायचे असतात, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

गंमत अशी, की राणीच्या रुपयावर १८६२ साल आलं आणि टाकसाळीने ते पुढे कितीतरी वर्षं बदललंच नाही. ठशात सालाखाली एक बारीक टिंब दिलं, पुढे दोन, मग आणखी. वरून सगळे रुपये सारखे, पण भिंगाखाली धरले की ठसे वेगळे, आणि त्यातले काही फार दुर्मीळ. हे शिकल्यापासून मी वारासिवनीच्या सराफाकडे, कटंगीच्या बाजारात, कोणाच्याही गळ्यातल्या रुपयांच्या माळेत डोकं घालू लागले. एका लग्नात नवरीच्या आजीच्या गळ्यातला रुपया मी उलटा करून पाहिला, तेव्हा आमचे हे पंगतीतून उठून गेले. काळ्या दोऱ्यात भिंग ओवून मिरवणारी ती बाई, म्हणजे मीच, स्वतःला मोठी पंडितीण समजायची.

तिची मिजास मागच्या हिवाळ्यात उतरली.

सकाळचं ऊन खात अंगणात बसले होते. हातात माझा लाडका रुपया होता, सालाखाली एकच टिंब असलेला, माझ्या राखेतून कसाबसा वाचलेला. भिंग उजव्या डोळ्याला लावलं. टिंब नाही.

पहिल्यांदा वाटलं, कोणी बदलला. पण राणीच्या कानाखालचा ओरखडा जागच्या जागी होता. रुपया तोच. पुन्हा पाहिलं. नजर जराशी बाजूला नेली, तर टिंब आलं. सरळ पाहिलं, तर गेलं. उंदीर बिळातून डोकावतो अन् आपण वळलो की लपतो, तसं. पदराने भिंग पुसलं, रुपया पुसला, शेवटी डोळा पुसला. मग डावा डोळा झाकून समोर खिडकीकडे पाहिलं. खिडकीचे सरळ गज मधोमध वाकले होते, जणू कोणी हाताने ओढून आत शिरलं असावं.

पण मला घाबरवलं ते गजांनी नाही. मला आई आठवली.

माझी आई तिरोडीला असायची. शेवटच्या काही वर्षांत ती माझ्याशी बोलताना माझ्या तोंडाकडे न पाहता कानाकडे पाहायची. मला वाटायचं, रुसली. मीही शहाणी, रागावून पाठ फिरवून बसायचे. पुढे ती बोटांनी चाचपून भाकरीवर तूप घालायला लागली, तेव्हा कळलं, की समोरचं तिला दिसतच नव्हतं. बाजूचं तेवढं दिसायचं. माझं तोंड पाहण्यासाठी ती कानाकडे पाहत होती.

आता मी टिंब पाहण्यासाठी टिंबाच्या बाजूला पाहत होते.

"काहून वं, खिडकीशी भांडून राह्यली का?" ह्यांनी विचारलं.

"अजी, तो गज सरळ हाय का?"

"सरळच हाय. बसवला तेव्हापासून सरळच हाय."

"मले वाकडा दिसून राह्यला."

हे माझी चेष्टा करतील, असं वाटलं होतं. पण त्यांनी हातातला चहा खाली ठेवला, आणि मी आणखीच घाबरले. हा माणूस गरम चहा कधी ठेवत नाही.

गोंदियाच्या डॉक्टरांनी बारीक चौकटींचा एक कागद पुढे धरला. डाव्या डोळ्याला चौकटी सरळ, उजव्याला मधल्या चौकटी वितळलेल्या. ते म्हणाले, पडदा मागून ओलावलाय, डोळ्यात सुई द्यावी लागेल, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. गेलेलं किती परत येईल ते सांगता येत नाही, राहिलेलं वाचवू. सुई डोळ्यात! बाळंतपणात नर्सला चावणारी मी, त्या टेबलावर दगडासारखी पडून राहिले. हललं तर आईसारखं होईल, एवढंच डोक्यात. परतीच्या गाडीत पट्टीखालून पाणी वाहत होतं, आणि मी सोबत आलेल्या माझ्या सुनेला म्हणत होते, "औषध हाय ते, रडून नाई राह्यले."

घरी रोज तो कागद पाहायला सांगितला होता. पण मला ठसे पाहायची खोड. आणि खरी भीती अशी, की टिंब कुठे आहे हे मला पाठ, म्हणून डोळा नसलेलंही दाखवील. ह्यांना म्हटलं, दोन रुपयांपैकी कोणताही द्या, एक टिंबाचा, एक बिनटिंबाचा. मी काहीही बोलले तरी हे म्हणायचे, "हौ, बरोबर." असला परीक्षक काय कामाचा! मग सुनेला बसवलं. ती खोटं बोलत नाही, माझ्या भाजीला मीठ जास्त झालं तरी नाही.

आज सकाळी तिने तळहातावर रुपया ठेवला. डावा डोळा झाकला, भिंग लावलं. साल दिसलं, मधला आठ थोडा दबलेला. त्याखाली सपाट चांदी. खूप वेळ पाहिलं. कडेनेही पाहिलं.

"बिनटिंबाचा," मी म्हटलं.

सून उठली. रुपया घेऊन खिडकीशी गेली. तिकडे तोंड करून उभी राहिली. ती खोटं बोलत नाही, म्हणून बोलत नसेल.

"सांग न वं."

"थांबा न आई." ती रुपया तिरपा करून उजेडात धरत होती. "मलेच नाई दिसून राह्यलं. तुमचं भिंग द्या इकडं."

भिंग दिलं. तिने पाहिलं.

"नाई. टिंब नाई. बरोबर सांगितलं तुमी."

मी श्वास सोडला, पण पुरता नाही. ती अजून डोळे बारीक करून रुपयाकडेच पाहत होती.

"इकडं ये," मी म्हटलं. "डावा डोळा झाक अन् खिडकीचे गज पाह्य."