दिवाबत्तीचा कागद

माझ्या बायकोच्या मामांइतका पक्का नास्तिक अलिबाग तालुक्यात दुसरा नसेल, आणि देवाच्या कागदासाठी सरकारशी त्यांच्याइतका भांडलेलाही दुसरा नसेल. त्यांची सारी नोकरी जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममध्ये मोडी कागद वाचण्यात गेली. त्यामुळे जिवंत माणसांपेक्षा मेलेल्यांच्या भानगडी त्यांना जास्त ठाऊक. लग्नाच्या पंगतीत कोणी आडनाव सांगितले की मामा त्याच्या खापरपणजोबाने सरकवलेला शेताचा बांध उकरून काढत. "यांच्या शब्दावर जाऊ नका, जावईबापू," असे मला त्या गृहस्थांसमोरच सांगत. मामींना देवळापर्यंत सोडायला जात, पण स्वतः बाहेर चपला राखत बसत. "चोरीला जातात त्या चपला. देव कोण नेतोय?"

निवृत्तीनंतर गावच्या देवळाच्या माळ्यावर त्यांना एक मोडी कागद सापडला. आमच्या खाडीच्या तोंडाशी एका काठाला देवीचे देऊळ, समोरच्या काठाला पिराचा दर्गा. दोन्हीकडे दिवा जळत राहिला तर होड्या खडकावर जाणार नाहीत, म्हणून कोणत्या घराने कोणत्या महिन्यात तेल घालायचे, याचा गावाने केलेला हा ठराव. खाली लिहिता न येणाऱ्यांच्या निशाण्या: शेतकऱ्यांचे नांगर, कोळ्यांच्या होड्या. याची जागा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, असे मामांनी ठरवून टाकले. घाईही होती. नजरेचा मधला भाग जात चाललाय, तो परत येणार नाही, असे डॉक्टरांनी त्यांना सांगितले होते, आणि गावात मोडी येणारे ते एकटेच. "भिंतीवर दिसला तर कोणाला तरी वाचायची खाज सुटेल," ते म्हणत. "त्याला शिकवलं की मी आंधळा व्हायला मोकळा."

"मामा, हे देवाधर्माचं आहे. सरकारी भिंतीवर कसं लावू?" असे ग्रामसेवक म्हणाले. हे बोलताना त्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीवरून हार घातलेले दोन देव ऐकत होते.

"वरचा 'श्री' झाकला तर?" मामांनी विचारले. आणि खरोखरच फ्रेमवाल्याकडून वर रुंद पुठ्ठ्याची पट्टी लावून त्यांनी 'श्री' झाकून घेतला. अशा रीतीने निधर्मी झालेला कागद भिंतीवर चढला.

पण मामा एक गोष्ट विसरले. आपल्याकडे काचेत घालून भिंतीवर टांगलेल्या कोणत्याही वस्तूला हार घालावाच लागतो. आठवड्यात झेंडू आला, मग उदबत्ती, आणि दाखल्यासाठी येणारी माणसे चपला बाहेर काढू लागली. मामा रोज सकाळी जाऊन हार उतरवत. "अरे, ठराव आहे तो! ठरावाला कोणी नमस्कार करतं का?" लोक त्यांनाही नमस्कार करून पुढे जात. शेवटी कोणीतरी लेखी तक्रार केली आणि कागद ठेवायचा की काढायचा, हा विषय ग्रामसभेत आला.

"आधी ऐका, मग काढा," म्हणून मामांनी फ्रेम मांडीवर घेतली आणि काचेला नाक लावून वाचायला सुरुवात केली. चैत्र अमक्याचा, वैशाख तमक्याचा. "आषाढ आमचा!" मागून कोणीतरी ओरडले. मग जो तो आपला महिना शोधू लागला. मासळी विकणारी एक म्हातारी थेट पुढे आली. "मामा, आमची होरी यातली कंची?" मामांनी बोट ठेवले. तिने बराच वेळ निरखून पाहिले. "डोलकाठी वाकरी हाय. म्हंजे आमचीच." सभा हसली आणि कागद राहिला. हार काचेवर घालू नये, असेही ठरले. त्यासाठी शेजारी वेगळा खिळा ठोकण्यात आला.

वाचायला शिकायला मात्र कोणी आले नाही. गेल्या महिन्यात मामा मला हात धरून तिथे घेऊन गेले आणि काचेवर बोट फिरवत सगळा ठराव वाचून दाखवू लागले. आवाज तसाच खणखणीत. तोंडात अजून भाद्रपद चालू होता आणि बोट केव्हाच खालच्या होड्यांपाशी पोहोचले होते.

"कळलं का, जावईबापू?"

"नाही," मी म्हणालो. "पहिल्यापासून सांगा. हे पहिलं अक्षर कोणतं?" आणि त्यांचे बोट धरून वरच्या ओळीवर ठेवले.