पत्रिकेत नाव नाही

बिल्ड सुरू केला की वीस मिनिटं नुसतं बसायचं. लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम तयार करणं म्हणजे बिल्ड, आणि आमचा तो इतक्या वेळा फुटतो की दिवसभर बसूनच असतो. किस्से साचतात ते असे.

ऑफिस बुलढाण्यात, एका मेडिकल स्टोअरच्या वर. माणसं तीनच: जानेफळची प्रज्ञा, धाडचा संतोष आणि गावातला मी. कापसाच्या जिनिंगमधल्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. त्याला लागणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, पुण्याचं हेड ऑफिस लिहितं. शुक्रवारी ते तिची हेडर फाइल बदलतात, सांगत नाहीत. सोमवारी आमचा बिल्ड फुटतो आणि मेल येतो, "बुलढाणा टीमने लक्ष द्यावे." म्हणजे आम्हीच!

*

एकदा संतोषचे वडील ऑफिसात आले. धाडच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान आहे. चुकांच्या ओळींनी भरलेली स्क्रीन बघून म्हणाले, "काऊन बे, हे सारं लाल काय दिसून राह्यलं?"

संतोष हेडर फाइल समजावता समजावता घामाघूम झाला. शेवटी प्रज्ञा म्हणाली, "काका, हेडर म्हंजे लग्नाची पत्रिका. लायब्ररीत कोण कोण हाये, त्यायची नावं तिच्यात असतात. ज्याचं नाव पत्रिकेत नाही, त्याले कंप्युटर वळखत नाही."

काका म्हणाले, "मंग बरोबर हाये त्याचं. आमच्या पोरीच्या पत्रिकेत मामाचं नाव राह्यलं, तो अजून घरी येत नाही."

तेव्हापासून आमच्याकडे हेडरला पत्रिका म्हणतात आणि गायब झालेल्या फंक्शनला, म्हणजे लायब्ररीतल्या कोडच्या तुकड्याला, मामा.

*

पुढच्याच सोमवारी एक मामा गायब. संतोषनं डोकं लावलं. आपल्या कॉम्प्युटरवरच्या हेडरमध्ये त्यानं ते नाव स्वतःच टाईप करून टाकलं. लाल गेलं. त्यानं चहा सांगितला. चहा यायच्या आत शेवटच्या पायरीवर बिल्ड पुन्हा फुटला, कारण पुण्यानं ते फंक्शन लायब्ररीतूनच काढलं होतं.

प्रज्ञा म्हणाली, "पत्रिकेत नाव छापलं बे तू, पन मामा वारला ना."

चहाचे पैसे संतोषनंच दिले.

*

पुण्याचे साहेब आमचे मॅनेजर. त्यांनी मीटिंगमध्ये विचारलं, बिल्ड का फुटला? संतोष सवयीनं बोलून गेला, "सर, पत्रिका बदलली."

साहेबांना ती जन्मपत्रिका वाटली. म्हणाले, "तुम्ही तिकडे पत्रिका बघून काम करता? म्हणूनच हे असं होतं."

प्रज्ञानं माईक चालू केला. "सर, आम्ही बौद्ध. आमच्याकडे पत्रिका पाहत नाहीत, छापतात."

माझे वडील भिक्षुकी करतात आणि खरोखरच पत्रिका बघतात, त्यामुळे मी माईक बंदच ठेवला.

संध्याकाळी मेल आला. यापुढे बुलढाण्यात बिल्ड फुटला, तर ऑफिस बंद आणि काम पुण्याला. प्रज्ञा मॅडमना तिथे जागा मिळेल.

प्रज्ञानं एका ओळीत उत्तर पाठवलं, "सर, मी तिथे येऊन गेले आहे."

*

हे साहेबांना माहीत नव्हतं, आम्हाला होतं. ती पुण्यात दुसऱ्या एका कंपनीत दोन वर्षं नोकरीला होती. पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, "हे फंक्शन काऊन काढलं, मले सांगा ना." फंक्शनचं कोणी सांगितलं नाही. तिचं वऱ्हाडी "मले" मात्र सगळ्यांनी चिडवायला उचललं. मले चहा, मले सुट्टी. दोन वर्षं तिनं ते ऐकलं, मग जानेफळला परत आली आणि तिथून रोज एसटीनं बुलढाण्याला येऊ लागली. मला त्या लोकांचा अजून राग येतो.

*

मेल आल्यावर मी म्हणालो, आता गपचूप दुरुस्त करत राहू. ऑफिस वाचवायचं असेल तर तेच बरं.

"काऊन?" प्रज्ञा म्हणाली. "तोडतात ते. त्यायलेच कळू द्या."

दोन दिवस खपून तिनं सोय केली. पुण्यात कोणीही हेडर बदलला, की त्याच क्षणी आमचा बिल्ड आपोआप चालणार. फुटला, तर ज्यानं बदल केला त्यालाच मेल जाणार, आणि प्रत सगळ्या कंपनीला. मेलचा विषय तिनं ठरवला: "पत्रिकेत नाव नाही." संतोष म्हणाला, मामाचं नावही घाल खाली. तिनं घातलं, आणि पुढे लिहिलं, "मामाले परत घ्या."

शुक्रवारी संध्याकाळी पहिला मेल गेला. बदल करणाऱ्याच्या जागी साहेबांचं नाव होतं.

फोन आला नाही. शनिवार, रविवार आम्ही तिघांनी काढले कसेबसे. सोमवारी प्रज्ञा एसटीतून उतरून सरळ वर आली, पिशवीही खाली ठेवली नाही. बिल्ड हिरवा होता. बदलांच्या यादीत सगळ्यात वर साहेबांनी स्वतः टाईप केलेली एक ओळ होती:

"पत्रिका दुरुस्त केली. मामाले परत घेतलं."