पायरीची गल्ली

घर सोडलं तेव्हा माझा डावा हात प्लास्टरमध्ये होता आणि भुवईवर टाके होते. चिंचपोकळीला आमच्या चाळीखाली टॅक्सी उभी होती. बाबांनी बॅग डिकीत टाकली आणि ते जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले, कारण तिथे संदीप आला होता. त्याच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती. तो माझ्याकडे यायला निघाला तसे बाबा मध्ये आले. हात लावला नाही, नुसते मध्ये उभे राहिले. मग मान वळवून मला म्हणाले, "जा तू. हंय रवलंस तर मरशीत, नायतर कोणाक तरी मारशीत." आई वर कठड्याला धरून रडत होती. टॅक्सी सुटली आणि मागून संदीप ओरडला, "पळतोयस तू, महेश!"

पायरीवाल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहितोय. परळ-लालबागला राहिलेल्यांसाठी, आणि दुबई, ऑकलंड, डोंबिवलीला पांगलेल्यांसाठीही. रौप्यमहोत्सवाच्या स्मरणिकेला ग्रुपचा इतिहास लिहून दे म्हणून तुम्ही माझ्या मागे लागला होतात. तेव्हा दिला नाही. आता सोहळा होऊन गेला, माझ्या पाठीवरचे वळही उतरले, तर घ्या. गोड लागणार नाही.

माटुंग्याच्या कॉलेजात आपण गिरणगावातली पोरं मागच्या गेटच्या पायऱ्यांवर बसायचो. कॅन्टीन दादर-गिरगावच्या पोरांचं. ते इंग्रजीत विनोद करायचे आणि आपण इतर हसले की हसायचो. एके दिवशी त्यातल्या एकाने संदीपच्या आईची नक्कल केली. काकी फी भरायला आल्या होत्या आणि क्लार्कशी मालवणीत बोलल्या होत्या, एवढंच त्यांचं चुकलं. संदीपने स्टीलचा ट्रे उचलून त्याच्या नाकावर घातला. सांबारात रक्त पडलं. त्या दिवसापासून पायऱ्यांवर कोणी आपल्याला विचारल्याशिवाय बसलं नाही आणि ग्रुपचं नाव पायरी पडलं. स्मरणिकेत छापलंय की ग्रुप 'मराठी मुलांच्या सर्वांगीण विकासासाठी' निघाला. वाचून इतका हसलो की सुजाता, माझी बायको, धावत बघायला आली.

गल्लीबद्दल मात्र स्मरणिकेत अक्षर नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. नवा पोरगा ग्रुपमध्ये यायचा तेव्हा जुने दोन रांगांत समोरासमोर उभे राहायचे. कोणाच्या हातात पट्टा, कोणाच्या हातात गाठ मारलेला ओला टॉवेल. नव्याने मधून चालत जायचं. धावायचं नाही, हात वर करायचे नाहीत. टोकाला एकजण मोकळ्या हाताने उभा असायचा. त्याने एक सणसणीत कानाखाली द्यायची. तो शेवटचा हात. ज्याचा शेवटचा हात तो त्या पोराचा जन्माचा भाऊ. भावाने त्याच्या वाटचा मार खायचा, त्याच्या घरी आजारपण आलं तर उशाशी बसायचं, त्याच्या बहिणीच्या लग्नात पंगत वाढायची. आणि शेवटचा हात कचरला, हळू पडला, तर पोराला उलट सुरुवातीला पाठवायचं. पुन्हा सगळी गल्ली. त्यामुळे ज्याच्यावर माया जास्त, त्याला जास्त जोरात मारायचं, असं ते अजब गणित होतं.

माझा शेवटचा हात संदीपचा. कान बरेच दिवस वाजत होता. पण त्याच संध्याकाळी तो बर्फ घेऊन आमच्या खोलीवर आला आणि आईला म्हणाला, "काकी, आजपासून हा माझा." आईला वाटलं, किती गुणी मुलगा! गुणी होताच तो. बाबांना टायफॉइड झाला तेव्हा हॉस्पिटलात माझ्याआधी तो पोचायचा.

मग फेस्टिव्हलच्या दिवसांत ती कॅन्टीनवाली पोरं हॉकी स्टिक घेऊन आली. मार्केटच्या मागच्या बोळात त्यांनी आम्हा दोघांना गाठलं. पहिल्याच फटक्यात माझा हात मोडला. हाड मोडल्याचा आवाज आपल्याच अंगातून कसा येतो, ते ज्याचं मोडलंय त्यालाच कळेल. मी खाली पडलो, भुवई फुटली. एकाने माझ्या तोंडावर स्टिक उगारली आणि संदीपने मध्ये स्वतःचं तोंड घातलं. हात नाही, पाठ नाही, तोंड. त्याचा डोळा गेला. हॉस्पिटलात शुद्धीवर आल्यावर त्याचं पहिलं वाक्य होतं, "तू बरा हो. मग दोघं जाऊ आणि एकेकाला फोडू." मी हो म्हणालो होतो, मनापासून. पण बाबांनी माझ्या मामेभावाला शारजाला फोन लावला आणि माझं तिकीट आलं.

शारजाहून पुढे कॅनडा. इथे मी लिफ्ट दुरुस्त करतो, स्नो ढकलतो, मॉर्गेज फेडतो. पहिल्या हिवाळ्यात वेअरहाऊसला होतो तेव्हा एकाने मला छातीवर ढकललं. माझं रक्त असं उसळलं की हातातला रेंच मी उलटा धरला. सुपरवायझर मध्ये आला आणि शांतपणे म्हणाला, "वॉक अवे, मॅन." इथे हे ट्रेनिंगमध्ये शिकवतात, त्याबद्दल कौतुक करतात. मी निघून आलो, टॉयलेटमध्ये जाऊन भिंतीवर मुठी आपटल्या. माझ्या कानात संदीपचंच ओरडणं होतं. इतकी वर्षं ते गेलं नाही. बाबा गेले, चाळ पडली, टॉवर उभा राहिला, पण ते नाही गेलं.

म्हणून त्याचा फोन आला तेव्हा मी तो पहिल्याच रिंगला उचलला. त्याचा मुलगा ओंकार आपल्याच कॉलेजात लागला होता. "सोहळ्याला त्याची गल्ली आहे," संदीप म्हणाला. "शेवटचा हात तू दे. दुसऱ्या कोणाला नाय देणार मी." त्याने मला माफ केलंय, एवढंच मला ऐकू आलं. वाटलं, आता सगळे पोटं सुटलेले बाप झालेत, टाळी दिल्यासारखं मारतील, फोटो काढतील, जेवायला बसतील.

मी आलो. सोहळ्याच्या दिवशी परळच्या हॉलमध्ये भर दुपारी तुम्ही पट्टे काढलेत तेव्हा मला कळलं. तुम्ही मारत होतात. ऑफिसचा, बायकोचा, कर्जाचा, कशाकशाचा राग त्या पोराच्या पाठीवर काढत होतात. ओंकार माझ्यापर्यंत आला तेव्हा त्याचा ओठ फाटला होता आणि शर्ट पाठीला चिकटला होता. तो समोर उभा राहिला, डोळे मिटले. मी हात उचलला. तो खाली आलाच नाही.

"कचरला! परत!" कोणीतरी बोंबललं. ओंकारने डोळे उघडले. "काका, मारा ना," तो पुटपुटला. "परत नाय जमणार मला."

तेवढ्यात संदीप आला, पोटच्या पोराची मान धरली आणि त्याला सुरुवातीकडे वळवायला लागला. त्याची मान धरलेली बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी संदीपला खाडकन कानाखाली मारली, आजवर कोणाला मारली नसेल अशी. तो खुर्च्यांवर आदळून खाली बसला. मग तुम्ही माझ्यावर तुटून पडलात. बक्कल कोणाचं होतं ते मला माहीत आहे, नाव घेत नाही. ओंकार मध्ये पडला, त्यालाही लागलं.

"थांबा!" संदीप जमिनीवरूनच ओरडला. तोंडातलं रक्त त्याने बाहीला पुसलं. "शेवटचा हात याचा बसलाय, मला. आता हा माझा भाऊ. आणि गल्ली बंद. कोणी पट्टा उचलला तर त्याचा हात तोडेन." मग मला जवळ ओढून म्हणाला, "आता पळून दाखव."

तुमच्यातल्या निम्म्यांनी ओरडा करून मला व्हॉट्सॲप ग्रुपवरून काढायला लावलंय. काढा. तुमचा राग मला समजतो, कारण तो माझ्याही अंगात आहे, फक्त मी तो कॅनडाला घेऊन गेलो. इथल्या लोकांनी 'घर कुठे' विचारलं की मी चिंचपोकळी सांगायचो आणि सांगताना मनात काहीच हलायचं नाही. खोली नव्हती, माणसं नव्हती, नुसतं नाव होतं.

परवा ओंकारचा फोन आला. संदीपच्या राहिलेल्या डोळ्याचा पडदा शुगरने सुटायला लागलाय, ऑपरेशन करायचंय. डॉक्टरांनी सोबत कोण असेल विचारलं तर संदीपने माझं नाव सांगितलं, मला न विचारता. मी लगेच सुट्टी टाकली.

"किती दिवसांसाठी चाललायस?" सुजाताने विचारलं.

"त्याला दिसायला लागेपर्यंत."

"आणि नाहीच दिसलं तर?"

मी बॅग भरत राहिलो. परतीचं तिकीट अजून काढलेलं नाही.