ओनीटाच्या हातचं होल्स्टर

डेल्मर स्टिडमने केंटकीच्या डोंगरातल्या वळणांवर अठ्ठावीस वर्षं शाळेची बस चालवली आणि एकाही पोराच्या गुडघ्याला खरचटू दिलं नाही. हे तो कुणी न विचारताही सांगायचा. निवृत्तीनंतर त्याच्या ट्रकमध्ये एकच प्रवासी उरली होती, मुलीची मुलगी रेना, वय वर्षं सहा. रोज तीनला तो तिला शाळेतून आणायचा. आता सात आठवडे तिची मागची खुर्ची रिकामी होती.

घडलं ते पोस्टासमोर. पोस्टात हत्यार न्यायला बंदी, आणि तिथल्या निम्म्या म्हाताऱ्यांसारखं डेल्मरच्या कमरेलाही शर्टाखाली चामड्याच्या होल्स्टरमध्ये, म्हणजे म्यानात, पिस्तूल. म्हणून ट्रक रस्त्यापलीकडे लावायचा, बसल्या बसल्या पिस्तूल काढून कप्प्यात बंद करायचं, तिकिटं घेऊन यायचं आणि बसल्या बसल्याच पुन्हा कमरेच्या होल्स्टरमध्ये खोचायचं. हजारदा केलेलं काम. त्या दिवशी खोचताना काहीतरी अडलं. शहाण्याने हात थांबवला असता. डेल्मरने जोर लावला.

गोळी मांडीला चाटून, सीट फाडून मागे गेली आणि रेनाच्या खुर्चीपुढच्या पायपुसण्यात घुसली. रेना तेव्हा वर्गात होती. शाळा सुटायला वीस मिनिटं होती. मुलगी ट्रेसा दवाखान्यातून थेट ट्रकपाशी गेली आणि त्या भोकात करंगळी घालून बघत राहिली.

"तिचे बूट इथे लोंबतात, बाबा," ती म्हणाली. त्या दिवसापासून रेनाला ती स्वतः आणू लागली.

पिस्तूल आपोआप उडालं, असं डेल्मर गावभर सांगत सुटला. व्हर्नल कोम्ब्स अग्निशमन केंद्रात दर शनिवारी पिस्तूल बाळगणाऱ्यांचा वर्ग घ्यायचा. डेल्मरचा तो शाळासोबती, त्यामुळे त्याची भीड बाळगायचं व्हर्नलला कारण नव्हतं. त्याने पिस्तूल रिकामं करून तपासलं, त्यात खोट सापडली नाही. मग होल्स्टर हातात घेतलं आणि मान हलवली.

"हे बघ. चामडं पार मऊ पडलंय. तोंडाची कड आत वळून चापापाशी शिरली. तू वरून दाबलंस, तिने चाप ओढला. पिस्तूल बिचारं काय करणार? कडक प्लॅस्टिकचं घे, चाप पूर्ण झाकणारं. आणि खोचताना नजर खाली ठेव, सावकाश. तुला कुठे शर्यतीला जायचंय?"

डेल्मरने प्लॅस्टिकचं आणलं. पण जुनं टाकवेना. ते ओनीटाने, त्याच्या बायकोने, स्वतः शिवलं होतं. तिला जाऊन चार वर्षं झाली. तिच्या गोधड्या ट्रेसाकडे गेल्या, कपडे चर्चला गेले. त्याच्या वाट्याला हे एवढंच उरलं. सकाळी पट्टा ओवताना तिचा हात कमरेला लागल्यासारखं वाटायचं. चामडं मऊ होत गेलं तसं तर त्याला जास्तच आवडायला लागलं होतं.

ट्रेसाने एकदा जुनं कुठंय म्हणून विचारलं. तो म्हणाला, कपाटात.

"म्हणजे आहे. आणि आहे तोवर तुम्ही एक दिवस लावणार."

गेल्याच रविवारी डेल्मर ते लावून चर्चला जाऊन आला होता.

पुढच्या रविवारी राजमा आणि मक्याची पोळी खाऊन तो जुनं होल्स्टर निकामी करायला ओनीटाची चामडं शिवायची आरी आणि सुरी घेऊन ओसरीवर बसला. सरळ आडवं कापलं असतं तर काम मिनिटाचं होतं, पण तिच्या शिवणीवर सुरी चालवायला हात धजेना. म्हणून एकेक टाका उसवत बसला. बाईने दोरा असा आवळला होता की शेवटचा टाका निघायला ऊन परसातून निघून गेलं. तिची फार आठवण येत होती, आणि प्रत्येक टाक्याबरोबर ती थोडी थोडी जातेय असंही वाटत होतं.

आतलं अस्तर सुटलं तसं त्याखाली पेन्सिलीचं अक्षर दिसलं. ओनीटाला बरण्यांच्या झाकणांपासून बियांच्या पुड्यांपर्यंत सगळ्यांवर लिहून ठेवायची खोड होती. इथे लिहिलं होतं, "उजवी बाजू. बसला की पोट आड येतं, कबूल करत नाही. दोन बोटं जास्त सोड."

डेल्मर हसला, आणि मग बराच वेळ नुसता रडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तो सपाट तुकडा ट्रेसाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. तिने आईचं अक्षर वाचलं. पुन्हा वाचलं. आता त्यात पिस्तूलच काय, चमचाही राहिला नसता.

"आणि पिस्तूल?" तिने विचारलं.

"रेना गाडीत असेल तेव्हा घरी. कुलपात."

ट्रेसाने डोळे पुसले, त्याच्यापुढे कॉफी सरकवली आणि म्हणाली, "शाळा तीनला सुटते."

अठ्ठावीस वर्षं बस चालवलेल्या माणसाने, हे जणू आजच कळलं असं, मान डोलावली.