तेलाच्या कॅनमधलं पाणी

माझ्या सासूबाई प्रवासाच्या दिवशी पाणी पीत नाहीत. चहासुद्धा अर्धाच कप. तरुणपणी त्या सातारा जिल्ह्यातल्या ज्या शाळेत शिकवायच्या, तिथे बायकांसाठी संडास नव्हता. एसटीने जायचं, दिवसभर शिकवायचं, एसटीनेच परतायचं आणि घरी आल्यावर मग तांब्याभर पाणी. नोकरी संपली, सवय राहिली.

जर्मनीत डार्मश्टाटला आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. कुठे जाऊया म्हटलं की म्हणायच्या, "तुम्ही जाऊन या, मी आपली घरीच बरी." मला वाटायचं, बाईंना हौसच नाही. एकदा आग्रह करकरून हायडेलबर्गला नेलं. गाडीत सारखं चाललेलं, "अजून किती लांब आहे गं?" तिथल्या किल्ल्यावर त्यांना भोवळ आली. नवरा पाणी आणायला धावला आणि बाकावर बसून, माझ्याकडे न बघता, त्यांनी मला शाळेचं सगळं सांगितलं. शाळेच्या कोकणातल्या सहलीसुद्धा त्यांनी दरवर्षी दुसऱ्या बाईंच्या गळ्यात घातल्या होत्या. म्हणजे समुद्र राहिलाच. मला फार वाईट वाटलं. तिथेच ठरवलं, यांना समुद्र दाखवायचा, आणि जाताना स्वतःचा संडास बरोबर न्यायचा.

म्हणून कॅरॅव्हॅन. गाडीच्या मागे जोडायचं, चाकांवरचं छोटं घर. भाड्याने मिळतं, पण साध्या लायसन्सवर एवढा जड आन्हेंगर, म्हणजे मागे जोडलेली गाडी, ओढता येत नाही. एक दिवसाचं ट्रेनिंग घेऊन मी तशी नोंद करून घेतली. नवऱ्याला म्हणे त्या दिवशी सुट्टी मिळाली नाही. खरं तर रिव्हर्स घ्यायची त्याला धास्ती.

ट्रेनिंगमध्ये शिकवणाऱ्या बाईंनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. जड सामान खाली आणि चाकांच्या वर, मधोमध. शेपटीकडे वजन गेलं की पुढचा दांडा गाडीच्या हुकावर नीट दाबून बसत नाही, आणि मग वेगात कॅरॅव्हॅन शेपूट हलवायला लागते. त्या दाबाला श्टुट्झलास्ट म्हणतात. आदल्या संध्याकाळी मी तांदळाचा डबा, कुकर, पोळ्यांचा तवा सगळं मधोमध लावलं, काट्यावर श्टुट्झलास्ट मोजला, दोन्ही बाजूंना लांब आरसे बसवले. जेवताना नवरा आईला समजावत होता.

"पाण्याची टाकी रिकामी ठेवूनच निघायचं, आई. उगाच वजन नको. तिथे पोचल्यावर नळ आहे."

"आणि वाटेत रे?"

"वाटेत काय? कागद असतो की."

त्या ताट उचलून आत गेल्या. मलाही त्याचं बोलणं खटकलं नाही.

सकाळी उत्तरेला, समुद्राकडे निघालो. चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये कोणी बसायचं नाही, असा इथला कायदा. त्यामुळे आई गाडीतच, मागच्या सीटवर. मी ताशी ऐंशीवर, आणि ट्रकवालेसुद्धा मला मागे टाकून जात होते. कासेल शहराच्या पुढे उतार लागला. एक मोठी बस आम्हाला ओलांडून गेली आणि मागून कोणीतरी गाडीला धरून हिसडावं तसं झालं. आरशात कॅरॅव्हॅन डावीकडे, मग उजवीकडे, मग आणखी डावीकडे. नवरा ओरडला. ट्रेनिंगमधल्या बाईंचे शब्द आठवले. स्टिअरिंग घट्ट धर, उलटसुलट फिरवू नको, ब्रेक दाब. दाबला. दोन-तीन हेलकावे खाऊन ती सरळ झाली. पुढच्या पार्कप्लात्झवर, हायवेकडेच्या थांब्यावर, मी गाडी उभी केली.

कॅरॅव्हॅनचं दार उघडलं. संडास कॅरॅव्हॅनच्या अगदी शेपटीला. त्याच्या आत आणि बाजूच्या फटीत सूर्यफूल तेलाचे पाच-पाच लिटरचे कॅन, डझनभर तरी, काठोकाठ पाण्याने भरलेले. आमच्या घरात रिकामा कॅन टाकून द्यायची पद्धत नाही. आई तो गरम पाण्याने धुऊन बाल्कनीत उपडा घालतात. आम्ही उठायच्या आधी दोन-दोन करून त्यांनी ते सगळे आणून ठेवले होते.

"आई! हे काय आहे?" नवरा म्हणाला.

"तुम्ही टाकी रिकामी ठेवणार म्हणालात," त्या हळूच म्हणाल्या. "मला कागदाने जमत नाही रे."

"अगं, मेलो असतो आपण! ओत ते सगळं."

त्यांनी पदर तोंडाशी धरला. "मला घरी सोडा. मी म्हणत होते ना, मी घरीच बरी."

मीही चिडले होते, खोटं कशाला बोलू? पण ते वाक्य ऐकलं आणि राग कुठल्या कुठे गेला. आज इथून परत फिरलो, तर ही बाई पुन्हा कधी दाराबाहेर पडायची नाही. आणि वजनाची मर्यादा अजून ओलांडलेली नव्हती. चुकली होती ती फक्त जागा.

"काही ओतायचं नाही," मी नवऱ्याला म्हटलं. "उचल."

एकेक कॅन आम्ही मधल्या जमिनीवर, चाकांच्या वर आणून ठेवला आणि पट्ट्याने आवळून बांधला. एक मात्र संडासातच ठेवला. काटा लावून श्टुट्झलास्ट पुन्हा मोजला, बरोबर भरला. मग मी नवऱ्याला बाहेर काढलं आणि म्हटलं, "आई, तुम्ही जाऊन या. आम्ही थांबतो. घाई नाही."

बराच वेळ लागला त्यांना. बाहेर आल्या तेव्हा हात पुसत होत्या, केससुद्धा नीट केलेले. तो एक कॅन मी पट्ट्याखाली मध्ये सरकवला आणि निघालो.

पुढे रस्ता सपाट झाला. बऱ्याच वेळाने मागून आवाज आला, "अगं, बाटली दे जरा इकडे."

नवऱ्याने बाटली मागे दिली. आरशात मला दिसलं, आई मान मागे टाकून घटाघटा पीत होत्या. पुढचा थांबा किती लांब आहे ते सांगायला मी तोंड उघडलं, पण त्यांनी विचारलंच नाही.